इनाम कशावर लावलंय ते बघ

कुंडल, ता. पलूस, जि. सांगली
९ नोव्हेंबर

चि. ऋतुजास,

तुझा सिनॉप्सिस मिळाला, नीट वाचला. द्राक्षाच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारं सॉफ्टवेअर माणसानं न लिहिता उत्क्रांतीच्या पद्धतीनं आपोआप घडवायचं, असा विषय. सोबत विचारलंयस, की लॅबमधली बाकीची पोरं डीप लर्निंग करतायत, मग मी ही जुनी वाट धरू का सोडू. सोडू नकोस. पण सिनॉप्सिस आहे तसा गाईडच्या टेबलावरही ठेवू नकोस. पानांमागून पानं अल्गोरिदमवर लिहिलीयस. फोटो कुठले, रोग कोण ठरवणार, चांगला प्रोग्रॅम म्हणायचं कशाला, यावर मिळून जेमतेम एक परिच्छेद. हे उलटं झालंय.

आधी जुनेपणाचं. ॲलन ट्युरिंगनं १९५०च्या लेखात ही कल्पना मांडून ठेवली आहे. लहान मुलासारखं एक यंत्र करायचं, त्यात बदल करत जायचं, आणि चांगलं निघेल ते ठेवायचं. उत्क्रांतीशी तुलना करताना तो तीन गोष्टी जोडतो: यंत्राची रचना म्हणजे आनुवंशिक द्रव्य, त्यातले बदल म्हणजे म्युटेशन, आणि नैसर्गिक निवडीच्या जागी प्रयोग करणाऱ्याचा निवाडा. १९५८मध्ये आयबीएममध्ये फ्रीडबर्गनं छोटे प्रोग्रॅम असे आपोआप सुधारून पाहिले, फारसं हाती लागलं नाही. साठच्या दशकात बर्लिनला रेखेनबर्ग आणि श्वेफेल, १९७५मध्ये मिशिगनच्या जॉन हॉलंडचं पुस्तक, आणि १९९२मध्ये जॉन कोझा, ज्यानं थेट प्रोग्रॅमच्या झाडांचीच पैदास सुरू केली. आपल्याकडे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शंकर पाल यांच्या गटानं नव्वदच्या दशकात पॅटर्न ओळखण्यासाठी जनुकीय अल्गोरिदम वापरले. संघमित्रा बंद्योपाध्याय यांची पीएच.डी. त्याच कामातली. ती मिळवून वाच. अलीकडचं पाहिजे असेल तर २०२०मध्ये गूगलच्या लोकांनी बेरीज-गुणाकारासारख्या साध्या क्रियांपासून सुरुवात करून शिकण्याचे अल्गोरिदमच उत्क्रांत करून पाहिले. म्हणजे वाट चालू आहे, फक्त तिच्यावर गर्दी नाही. पीएच.डी.ला हे सोयीचंच.

आता ट्युरिंगच्या त्या यादीतली तिसरी गोष्ट बघ. रचना तुझ्याकडे आहे, म्युटेशन आहे. निवाडा कुठाय?

तुझ्या आजोळच्या पट्ट्यात तर ही निवाड्याची गोष्ट जमिनीत उगवलेली आहे. थॉमसन सीडलेसला बी नसतं, लागवड काडीनं होते, म्हणजे बागेतली प्रत्येक वेल दुसरीची नक्कल. संकराला वावच नाही. तरीसुद्धा तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच वेगळी वेल हेरली आणि तास-ए-गणेश हा वाण आला. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी तशीच सोनाका काढली. एखाद्या डोळ्यात आपोआप बदल झाला, त्यातून फुटलेल्या काडीचे मणी निराळे आले, एवढंच निसर्गाचं काम. असे बदल बागांतून होतच असतात, बहुतेक छाटणीत कात्रीखाली जातात. ही काडी ठेवायची, वाढवायची, पुढच्या हंगामात पुन्हा बघायची हे ठरवलं बागायतदारानं. वेलीला स्वतःला मोठ्या मण्याचा काही उपयोग नव्हता. बाजाराला होता.

संकराशिवाय, नुसत्या बदलातून वाण निघाले, यातून तुझ्यासाठी एक अगदी कामाचा प्रश्न निघतो. सिनॉप्सिसमध्ये तू क्रॉसओव्हरचे, म्हणजे दोन प्रोग्रॅमांच्या संकराचे, चार प्रकार मांडलेयस. त्यातल्या एकाची तरी गरज आहे का, हे आधी तपास. टेरी जोन्स नावाच्या संशोधकानं १९९५मध्ये त्यासाठी एक चाचणी काढली. तिला मुंडकं उडवलेल्या कोंबडीची चाचणी म्हणतात. दोन चांगल्या प्रोग्रॅमांचे तुकडे जोडण्याऐवजी एक चांगला घ्यायचा आणि दुसरा तिथल्या तिथे कसाही बनवलेला. निकाल तेवढाच चांगला आला, तर तुझा क्रॉसओव्हर आई-बापाचे गुण एकत्र आणत नाहीये, नुसती मोठी म्युटेशन करतोय. त्याच्याही आधी एक साधी तुलना कर: जेवढे प्रोग्रॅम उत्क्रांतीत तपासणार तेवढेच यादृच्छिक बनवून तपास आणि त्यातला उत्तम उचल. या ओळीशिवाय तुझ्या तक्त्याला अर्थ नाही. व्हायव्हाला बाहेरून आलेला परीक्षक हेच विचारणार, आणि विचारायलाच पाहिजे.

फिटनेस, म्हणजे चांगला प्रोग्रॅम ठरवायचं माप, म्हणून तू एका ओळीत 'अचूकता' लिहून मोकळी झालीस. आपल्या गावच्या कुस्ती मैदानात पंचांनी उद्या जाहीर केलं की ज्याची पाठ लागणार नाही त्याला इनाम, तर संध्याकाळपर्यंत एकही कुस्ती निकाली होणार नाही. दोघंही मानेवर हात टाकून खडाखडी करत उभे राहतील, आणि नियमाप्रमाणे दोघंही इनामाला पात्र. उत्क्रांती तर त्या पैलवानांपेक्षा हिशेबी. १९९४मध्ये कार्ल सिम्सनं संगणकात आभासी प्राणी उत्क्रांत केले. वेगाला इनाम होतं. काही प्राणी चालायला शिकलेच नाहीत, नुसते उंच झाले आणि आडवे पडले. पडतानाचा वेग मोजला जात होता ना! प्रोग्रॅममधल्या चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या एका प्रणालीत, यादी क्रमानं लागलीय का एवढंच तपासलं जात होतं. निघालेला प्रोग्रॅम रिकामी यादी परत करायचा. रिकामी यादी क्रमानं नाही असं कोण म्हणेल? दुसऱ्या एका वेळी उत्तर ज्या फायलीशी ताडून पाहायचं, ती फाईलच प्रोग्रॅमनं पुसून टाकली. हे किस्से एकत्र करून बऱ्याच संशोधकांनी मिळून एक मोठा निबंध लिहिलाय. रात्री झोपण्यापूर्वी वाच, करमणूक होईल आणि झोप उडेल.

माझ्या मते या सगळ्यांत मोठं उदाहरण ससेक्स विद्यापीठाच्या एड्रियन थॉम्प्सनचं. १९९६च्या सुमारास त्यानं एका प्रोग्रॅमेबल चिपच्या १० बाय १० घरांच्या कोपऱ्यात, १ आणि १० किलोहर्ट्झ हे दोन सूर वेगळे ओळखणारं सर्किट उत्क्रांत केलं. जमलं, आणि झकास जमलं. शंभरातली थोडीच घरं त्यात उपयोगी होती. त्यातली काही तर बाकी सर्किटला तारेनं जोडलेलीसुद्धा नव्हती, पण ती बंद केली की ओळख बिघडायची. तेच सर्किट चिपच्या दुसऱ्या भागात हलवलं की नीट चालेना, तापमान बदललं तरी डळमळायचं. कारण सर्किट त्या एका तुकड्याच्या, त्या खोलीतल्या हवेच्या स्वभावावर पोसलेलं होतं. तुझा प्रोग्रॅमही जे फोटो देशील त्यांच्यावरच पोसला जाणार.

आणि तू कुठले फोटो देणार आहेस? प्लँटव्हिलेज या तयार संग्रहातले. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. २०१६मध्ये मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी त्या संग्रहातल्या ५४,३०६ फोटोंवर न्यूरल नेटवर्क शिकवलं, १४ पिकं, २६ रोग, आणि अचूकता आली ९९.३५ टक्के. सगळे हाच आकडा सांगतात. त्याच लेखात पुढे आहे, की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास आली. संग्रहातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली. नंतर एकानं त्या फोटोंच्या पार्श्वभूमीतले फक्त आठ पिक्सेल घेतले, पानाचा भाग घेतलाच नाही, आणि त्यावरून ४९ टक्के रोग बरोबर ओळखून दाखवले. नुसत्या अंदाजानं ३ टक्केसुद्धा आले नसते. म्हणजे रोगागणिक फोटो वेगळ्या उजेडात, वेगळ्या टेबलावर निघाले असणार. तुझी उत्क्रांती पहिल्या पाच-दहा पिढ्यांतच ते टेबल शोधून काढेल, पानाकडे ढुंकूनही बघणार नाही.

याहून मोठी अडचण निराळी. त्या संग्रहात द्राक्षाचे रोग तीनच: ब्लॅक रॉट, एस्का आणि पानावरचा एक करपा. आपल्या बागायतदाराची झोप उडवणारा डाऊनी हा बुरशीचा रोग त्यात नाही. भुरी नाही. अशा संग्रहावर शंभर टक्के मिळवलेस तरी पलूस-तासगावच्या बागेत तो प्रोग्रॅम काय ओळखणार?

म्हणून फोटो तुला स्वतः काढावे लागतील. परवा बागायतदार अण्णांबरोबर बागेत गेलो होतो, तुझं काम डोक्यात होतं म्हणून मुद्दाम बघत होतो. ऑक्टोबर छाटणी उशिरा घेतलेला प्लॉट, आदल्या दिवशी पाऊस शिंतडून गेलेला. पानाच्या वरच्या बाजूला तेलाचं बोट लागावं तसा फिकट पिवळा डाग. अण्णा तेवढ्यावर काही बोलले नाहीत. पान उलटं केलं, उजेडाकडे धरलं, खालच्या बाजूला त्याच जागी पांढरी बुरशी दिसली, मग म्हणाले, 'डाऊनी.' पुढच्या वेलीवर तसाच पिवळा डाग होता, खालून कोरडा. 'हे औषधाचं स्कॉर्चिंग.' वरून काढलेल्या फोटोत ही दोन पानं सारखीच दिसली असती. म्हणजे एका पानाचे दोन फोटो, वरून आणि खालून, ही तुझ्या संशोधनाची पहिली अट. आणि ती कुठल्या शोधनिबंधात मिळणार नाही.

आणखी एक सापळा तिथंच दिसला. पानांवर बोर्डोचे निळसर-पांढरे डाग होते. लोक फोटो काढतात रोग दिसल्यावर, आणि तोवर फवारणी झालेली असते. असे फोटो गोळा केलेस तर प्रोग्रॅम बोर्डो ओळखायला शिकेल आणि त्याला रोग म्हणेल. तेव्हा फवारलेली निरोगी पानं आणि न फवारलेली रोगट पानं हीसुद्धा मुद्दाम गोळा कर. प्रत्येक फोटोबरोबर वहीत लिही: गाव, प्लॉट, वाण, छाटणीला किती दिवस झाले, शेवटची फवारणी कधी आणि कशाची, फोटोची वेळ, फोन कोणता. डाऊनी पावसाळी हवेत, फळछाटणीनंतर कोवळ्या पानांवर. भुरी पुढे, कोरड्या थंडीत. एका आठवड्यात सगळं उरकायला गेलीस तर एकच रोग हाती लागेल.

नाव लावायचं काम दोघांकडून करून घे, वेगवेगळं बसवून: एक अनुभवी बागायतदार, एक वनस्पतिरोगाचा माणूस. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथं रीतसर पत्र लिही. दोघांचं जिथं जमणार नाही ते फोटो टाकून देऊ नकोस, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव. तज्ज्ञच जिथं अडखळतात तिथं प्रोग्रॅम छातीठोक उत्तर देत असेल, तर त्याच्याकडे संशयानं बघ.

फोटोंची शिकवायचे आणि तपासायचे अशी वाटणी करताना पत्ते पिसल्यासारखी करू नकोस. एकाच वेलीची दोन पानं दोन्हीकडे गेली की परीक्षा फुटली. वाटणी प्लॉटवार कर. कुंडल, पलूस, तासगाव शिकवायला. निफाड-दिंडोरीकडचे प्लॉट तपासायला. आणि एक गठ्ठा, शक्यतो पुढच्या हंगामाचा, गाईडकडे कुलपात ठेव. तो एकदाच उघडायचा, शेवटी. मधे बघून फिटनेस सुधारलास तर तोही शिकवण्यातलाच झाला, मग तू त्याला काहीही नाव दे.

आता अचूकता. डाऊनी सुटली तर घड जातात. नसताना आहे म्हटलं तर एक फवारणी जादा होते, आणि तीही फुकटची नाही: औषधाचे अंश फळात राहतात. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा इथल्या बागायतदारांनी काय भोगलं ते अण्णांना विचार. म्हणजे दोन चुकांची किंमत सारखी नाही, आणि कुणाला कुठली जड हे माल कुठं जाणार त्यावर ठरतं. एक्स्पोर्टवाला आणि बेदाणेवाला एकच उत्तर देणार नाहीत. दोन्ही चुकांची एका आकड्यात खिचडी करू नकोस. तेव्हा कानपूरला असलेल्या कल्याणमय देब यांची २००२ची एनएसजीए-२ ही पद्धत नेमकी यासाठी आहे. ती एक उत्तर देत नाही, तडजोडींची अख्खी रांग देते. तिसरं उद्दिष्ट म्हणून प्रोग्रॅमचा आकार घाल. कोझाच्या पद्धतीत झाडं निष्कारण फुगत जातात, आणि फुगलेलं झाड कुणाला वाचता येत नाही. इथंच डीप लर्निंगपुढे तुझं खरं भांडवल आहे. लाखभर फोटो असतील तर ती पोरं जिंकतील, हे प्रबंधात सरळ कबूल कर. पण हजार-दोन हजार फोटोंवर, रेंज नसलेल्या बागेत, साध्या फोनवर चालणारा आणि दहा-बारा क्रियांत वाचून दाखवता येणारा प्रोग्रॅम तू काढू शकतेस. तो वाचून अण्णांनी 'हे पोरगं हिरव्या-पिवळ्याचा हिशेब करतंय, बुरशीकडे बघतच नाहीये' म्हटलं, तर फिटनेस कुठं चुकली तेही कळेल.

यंत्राच्या वेळेचा हिशेब कागदावर मांडून बघ. ५०० प्रोग्रॅमांची पिढी, ५० पिढ्या: २५,००० प्रोग्रॅम. प्रत्येक २,००० फोटोंवर: पाच कोटी वेळा. एका वेळेला दोन मिलिसेकंद धरले तरी एक धाव साधारण २८ तासांची. वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी (रँडम सीड) ३० धावा केल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणजे एका यंत्रावर पस्तीस दिवस, तेही एकाच प्रयोगाचे. म्हणून आधी शंभर फोटोंवर सगळ्यांची चाळणी, तरतील त्यांनाच पूर्ण संच. तिसातली सर्वांत चांगली धाव छापू नकोस. मधली छाप, पसारा छाप, आणि दोन पद्धतींतला फरक विल्कॉक्सनसारख्या कसोटीवर घासून घे. बीजांचे आकडे जपून ठेव.

पीएच.डी.च्या कारभाराबद्दल थोडंच. २०२२च्या यूजीसी नियमांत शोधनिबंध छापण्याची सक्ती काढलीय, तेव्हा पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांच्या मेल सरळ पुसून टाक. तिथं छापलेलं पुढे बायोडेटात लपवावं लागतं. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यात द्राक्षाचे हंगाम तुला फार तर चार मिळतील, आणि हा एक अर्धा संपलाय. कोर्सवर्क, प्रोग्रॅमिंग, वाचन पुण्यात बसून बाराही महिने होईल. डाऊनी तुझ्यासाठी थांबणार नाही.

येत्या शनिवारी कोयनेनं ये, किर्लोस्करवाडीला घ्यायला येतो. फोन कुणाचा तरी साधा, जुना आण. तुझ्या महागड्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो कुठल्याच बागायतदाराच्या फोनसारखे दिसणार नाहीत. अण्णांना मी सांगून ठेवलंय. ते सकाळी दव असतानाच बागेत जातात, तेव्हा उशिरा उठायची सवय तिकडेच ठेवून ये. सिनॉप्सिसची नवी प्रत गाईडना देण्याआधी फिटनेसचा परिच्छेद तेवढा मला पाठव, बाकीचं नंतर बघू.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा